सीडी प्लेअर दुरुस्त करावा, की कपाट मोकळे करावे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मी ६३ वर्षांचा असून दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झालो. शास्त्रीय संगीत, नाट्यसंगीत आणि जुनी चित्रपटगीते अशा मिळून सुमारे ४०० सीडी माझ्याकडे आहेत. त्यांतल्या तीस-चाळीस सीडी घरगुती मैफलींच्या असून मित्रांनी त्या संगणकावरून कोऱ्या सीडींवर उतरवून दिलेल्या आहेत. अठरा वर्षे चाललेला सीडी प्लेअर गेल्या पावसाळ्यापासून शेवटची गाणी अडखळत वाजवतो. मुलगा म्हणतो, आता सगळे मोबाइलवर मिळते, हे काढून टाका. दुकानात चौकशी केली तर विक्रेत्याने सीडी वाचणारे यंत्र वेगळे आणि आवाज घडवणारे यंत्र वेगळे, असा दीड लाखाच्या घरातला संच सुचवला. मी स्वतः दोन्ही ऐकून पाहिले. मोबाइलवरून ब्लूटूथने लावले की आवाज निर्जीव वाटतो, सीडीवर तोच राग भरदार लागतो. स्पीकर दिवाणखान्यातल्या शोकेसच्या दोन टोकांना, कप्प्यांत बसवलेले आहेत. चांगल्या आवाजासाठी आजही सीडी प्लेअर लागतोच का? आणि त्यासाठी दीड लाख घालावेत का?

उत्तर :

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एका गाठोड्यात बांधल्या गेल्या आहेत : सीडी, ती वाचणारे यंत्र, आणि शेवटी खोलीत ऐकू येणारा आवाज. विक्रेत्याला हे गाठोडे बांधलेलेच हवे असते, आणि तुमच्या चिरंजीवांना ते बांधलेलेच घराबाहेर काढायचे आहे. मला ते सोडून एकेक वस्तू वेगळी पाहावीशी वाटते, कारण तिघींची उत्तरे वेगवेगळी आहेत आणि दीड लाखाचा निर्णय त्या उत्तरांवर अवलंबून आहे.

आधी तुमच्या ऐकण्याच्या कसोटीबद्दल. तुमच्या कानांवर माझा विश्वास आहे. फरक ऐकू आला असे तुम्ही लिहिता, तर तो आलाच असणार. परंतु तो फरक सीडी आणि मोबाइल यांच्यातलाच होता, हे मात्र सिद्ध झालेले नाही. ब्लूटूथवरून जाताना आवाज सामान्यतः सेकंदाला तीनशे-साडेतीनशे किलोबिटांच्या आत दाबून बसवला जातो, मग मूळ फाइल कितीही उत्तम असो. त्याखेरीज मोबाइलच्या आवाजाची पट्टी पूर्ण वर होती का, आणि ॲपने सगळी गाणी एका पातळीवर आणण्यासाठी तुमचे गाणे परस्पर खाली उतरवले होते का, हे दोन प्रश्न उरतातच. दोन आवाजांत एखाद-दुसऱ्या डेसिबलचा फरक असला, तर आपल्याला एक मोठा आणि दुसरा लहान असा तो जाणवत नाही. एक भरदार आणि दुसरा फिका असा जाणवतो. ध्वनिमुद्रणाच्या कामात वीसेक वर्षे काढल्यावरही मी या फसवणुकीतून सुटलेली नाही. म्हणून कसोटी पुन्हा घ्या. ब्लूटूथ बाजूला ठेवून मोबाइल तारेने, एखाद्या साध्या यूएसबी डॅकमधून, त्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडा. डॅक म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारे छोटे यंत्र. काही हजार रुपयांत चांगले मिळते. आलापाआधी नुसता तानपुरा वाजत असतो तेवढा तुकडा दोन्हीकडे लावून मोबाइलवरच्या ध्वनिमापक ॲपने पातळी सारखी करून घ्या, तुम्ही पाठमोरे बसा आणि मुलाला अदलाबदल करायला सांगा. दहापैकी नऊ वेळा तुम्ही बरोबर ओळखले, तर फरक खरा आहे, आणि पाच-सहा वेळा ओळखले तर तो फरक बहुधा तारेच्या अभावी पडलेला होता.

आता सीडीवर नेमके असते काय, ते पाहू. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. यातून सुमारे २२,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज आणि ९६ डेसिबलपर्यंतचा चढउतार पकडता येतो. साठीनंतर बहुतेकांचे कान १२,००० हर्ट्झच्या आसपास थांबतात, माझेही थांबू लागले आहेत, तेव्हा वरच्या मर्यादेची चिंता आपण दोघांनीही करण्याचे कारण नाही. फिलिप्स आणि सोनी यांनी हे माप ठरवले, आणि सोनीचा पहिला प्लेअर जपानमध्ये १ ऑक्टोबर १९८२ रोजी विक्रीस आला. चाळीस वर्षे उलटून गेली तरी हे माप माणसाच्या कानाला पुरून उरते. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात सीडीपेक्षा वरच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीच्या मापातून गाळून ऐकवण्यात आले. ५५४ वेळांपैकी बरोबर उत्तरे आली ती जवळजवळ निम्मी, म्हणजे नाणे उडवून आली असती तितकीच. तेव्हा ‘सीडीचा दर्जा आता जुना झाला’ असे कोणी सांगितले, तर ते मनावर घेऊ नका. मात्र याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तेच १४ लाख बिट सेकंदाला दुसऱ्या कोणत्याही वाटेने आले, तरी आवाज तोच येणार.

विक्रेत्याने सुचवलेला वेगळा ‘ट्रान्सपोर्ट’, म्हणजे नुसती सीडी वाचणारे यंत्र, इथेच अडचणीत येतो. त्याचे म्हणणे असे असणार की जड पायाचे, स्थिर यंत्र सीडी अधिक अचूक वाचते. वाचन अचूक हवे, हे खरेच आहे. पण ते साधण्यासाठी दीड लाख लागत नाहीत. सीडीवर बिट लिहितानाच ते मागेपुढे पसरून आणि जादा ताळ्याचे आकडे घालून लिहिलेले असतात, त्यामुळे वाटेतला सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा सलग वाचता आला नाही, तरी यंत्र बाकीच्या आकड्यांवरून तो जसाच्या तसा भरून काढते. तुम्ही बँकेत होता, तेव्हा ताळ्याचे महत्त्व तुम्हाला मी सांगायला नको. अ‍ॅक्युरेटरिप नावाची एक सोय आहे. तिच्यात जगभरच्या लोकांनी आपापल्या संगणकाच्या साध्या ड्राइव्हवर वाचलेल्या सीडींचे ताळे साठवलेले आहेत. बाजारात विकल्या गेलेल्या पुष्कळ सीडींच्या बाबतीत वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या बनावटीच्या स्वस्त ड्राइव्हनी वाचलेले आकडे शेवटच्या बिटापर्यंत जुळतात. जे काम हजार-दोन हजारांचा ड्राइव्ह करतो, ते ट्रान्सपोर्ट आणखी अचूक करणार म्हणजे काय करणार? सुबक यंत्र हाताळण्याचा आनंद वेगळा असतो, आणि तो हवा असेल तर जरूर विकत घ्यावा, फक्त तो आनंद म्हणून घ्यावा. घरात जुना डीव्हीडी प्लेअर पडून असेल, तर त्याच्या मागे डिजिटल आवाजाचे छिद्र आहे का ते पाहा. असेल, तर तुमचा ट्रान्सपोर्ट तोच.

चिरंजीवांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. अ‍ॅपल म्युझिकने २०२१ पासून सीडीच्या तोडीचा आणि त्याहून वरचा आवाज जादा पैसे न घेता द्यायला सुरुवात केली; आज तारेने ऐकणाऱ्याला मोबाइलवरून सीडीइतका चांगला आवाज मिळू शकतो. पण ‘सगळे मिळते’ हे वाक्य तपासून पाहावे लागेल. माझी सूचना अशी की तुम्ही दोघांनी मिळून कपाटातून डोळे मिटून वीस सीडी काढाव्यात आणि त्या ॲपवर शोधाव्यात. नुसते नाव सापडले म्हणून खूण करू नका. कलाकार तोच, राग तोच, पण ध्वनिमुद्रणही तेच आहे का, हे मिनिटे-सेकंद ताडून पाहा. एकाच गायकाचा यमन तीन वेळा निघालेला असतो आणि ॲपवर तिन्हींना एकच मुखपृष्ठ चिकटवलेले असते. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, हे सीडीच्या आतल्या कागदावर असते; ॲपवर ते शोधून सापडले तर नशीब. छोट्या मराठी कंपन्यांनी काढलेल्या नाट्यसंगीताच्या आणि अभंगांच्या सीडींची अवस्था तर अशी आहे की कंपनी बंद, मालक निवृत्त आणि हक्क कोणाकडे हे कोणालाच ठाऊक नाही. मुंबईत काळा घोड्याला असलेले ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हापासून ‘पुन्हा घेऊ कधीतरी’ हा पर्यायही जवळपास संपला आहे.

आवृत्त्यांचा घोळ निराळाच. जुन्या चित्रपटगीतांवर नंतर ढोलकी आणि ड्रम चढवून केलेल्या ‘झंकार बीट्स’ आवृत्त्या ॲपवर मूळ गाण्याच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या असतात आणि पुष्कळदा त्याच आधी वाजतात. कधी गाणे ‘रीमास्टर’ म्हणून येते आणि त्यात हळू आवाज वर ओढून, मोठा आवाज छाटून सगळे एका उंचीचे केलेले असते. तरीही जुनी सीडी म्हणजे शुद्ध सोने, असेही मी म्हणणार नाही. काही जुन्या चित्रपटगीतांच्या सीडींवरही मूळ एकवाहिनी ध्वनिमुद्रणाला कृत्रिम घुमारा देऊन स्टिरिओचे सोंग चढवलेले आहे, आणि ते ऐकताना गायिका विहिरीत उतरून गाते आहे की काय असे वाटते. म्हणजे ठरवायचे ते दर सीडीगणिक. ज्या वीस तुम्ही तपासाल, त्यांतल्या किती ॲपवर नेमक्या त्याच रूपात सापडतात, त्यावरून कपाटाचा निर्णय आपोआप होईल. विलंबितातून द्रुतात जाण्याची जागा तेवढी जरूर ऐका. सीडीवर तिथे नवा क्रमांक सुरू होतो पण आवाज तुटत नाही. काही ॲपवर आणि बऱ्याच एमपी३ फाइलींमध्ये नेमका तिथे पाव सेकंदाचा खड्डा पडतो आणि समेवर येणारा गायक त्या खड्ड्यात पडतो.

आता तुम्ही ज्याबद्दल काहीच विचारलेले नाही, पण मला ज्याची सर्वांत काळजी वाटते, ते सांगते. त्या तीस-चाळीस घरगुती मैफली. विकत मिळणाऱ्या सीडीवर खळगे साच्याने ठोकलेले असतात आणि ती नीट ठेवली तर दशकानुदशके टिकते. घरी उतरवलेल्या सीडीवर मात्र रंगद्रव्याचा एक थर असतो, लेझरने त्यावर खुणा उमटवलेल्या असतात, आणि ऊन, उष्णता व दमट हवा यांनी तो थर हळूहळू विरतो. माझ्याकडे अशीच एक सीडी होती. माझ्या गुरुभगिनीच्या घरी झालेल्या बैठकीची, दोन तासांतली निवडलेली ७० मिनिटे. वर काय लिहिले आहे ते लगेच दिसावे म्हणून मी बॉलपेन दाबून तारीख घातली होती. सीडीची चकचकीत, खालची बाजू ही सव्वा मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिक असते आणि तिच्यावरचे चरे पुष्कळदा पुसता येतात. खरी माहिती असते ती वरच्या, नावाच्या बाजूला, लाखेच्या केसाहूनही पातळ थराखाली. माझ्या पेनाने तिथेच नांगर फिरवला होता. अकरा वर्षांनी ती लावली, तर तारखेच्या आकड्यांखालची मिनिटे गेली होती आणि बाकीचा आवाज पत्र्यावर पाऊस पडावा तसा तडतडत होता. दुसरी प्रत नव्हती. प्लेअर कोणता घ्यावा या विचारात तुम्ही आणखी एक पावसाळा घालवला, तर तुमच्या काही सीडींचे हेच होण्याचा संभव आहे.

म्हणून या आठवड्यात सुरुवात तिथून करा. संगणकाला बाहेरून जोडायचा सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह आणा. विंडोज असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि मॅक असेल तर एक्सएलडी हे कार्यक्रम फुकट मिळतात. सीडी फ्लॅक प्रकारच्या फाइलीत उतरवा. त्यात बिट हरवत नाहीत, पण जागा निम्म्याच्या आसपास लागते. एमपी३ करण्याचा सल्ला कोणी दिला तर आभार मानून सोडून द्या. घरगुती सीडींचा ताळा अ‍ॅक्युरेटरिपमध्ये अर्थातच मिळणार नाही. त्या दोनदा वाचायच्या आणि दोन्ही वाचनांचा ताळा एकमेकांशी जुळतो का, ते पाहायचे. जुळला नाही, तर सीडी मऊ कापडाने केंद्रापासून काठाकडे सरळ पुसून (गोल गोल कधीही नाही) आणि ड्राइव्हचा वेग कमी करून पुन्हा प्रयत्न करायचा. एखादी सीडी एका ड्राइव्हवर वाचली गेली नाही, तर दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हवर घालून पाहावी; पुष्कळदा ती तिथे मुकाट्याने वाचली जाते. घरगुती सीडी झाल्या की विकतच्या. रोज पाच म्हटल्या तरी ८० दिवसांत ४०० होतात, आणि सगळा संग्रह दीडशे जीबीच्या आसपास बसतो. त्याच्या दोन प्रती करा आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा, एकाच कपाटातल्या दोन कप्प्यांत नको.

प्लेअरबद्दल माझे मत असे की तो दुरुस्त होण्याजोगा असेल तर करून घ्यावा, आणि त्यावर दोन-तीन हजारांपलीकडे जाऊ नये. सीडी आतून बाहेर वाजते, म्हणजे शेवटची गाणी काठापाशी असतात. तिथेच अडखळते, याचा अर्थ बहुधा लेन्स ज्या दांड्यावरून सरकते त्या दांड्यावरचे ग्रीस वाळून चिकट झाले आहे, किंवा लेन्सवर धूळ बसली आहे. बोटांचे ठसेही काठालाच जास्त पडतात, तेव्हा आधी स्वच्छ पुसलेली, वाकलेली नसलेली एखादी सीडी लावून खात्री करा. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आसपास आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे काम करणारे कारागीर अजून सापडतात. बहुतेक जण पहिल्याच वाक्यात ‘लेन्स गेली’ म्हणतील. त्यांना आधी दांडा साफ करून, नवे ग्रीस लावून, लेन्स आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून पाहायला सांगा. ट्रे बाहेर येत नसेल तर तो बहुधा रबरी बेल्टचा दोष असतो आणि बेल्ट अगदी किरकोळ किमतीचा असतो. स्वतः झाकण उघडणार असाल तर प्लग काढून ठेवा, आणि यंत्र चालू असताना लेन्समध्ये डोकावू नका. त्या लेझरचा बहुतांश प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. लेन्स खरोखरच गेली असेल आणि त्या नमुन्याची नवी मिळत नसेल, तर मात्र प्लेअरला निरोप द्यावा. त्यानंतरही बटण दाबून सीडी लावण्याचीच सवय तुम्हाला प्रिय असेल, तर यामाहा, मरांट्झ, डेनॉन यांचे साधे, सर्वांत खालच्या श्रेणीतले प्लेअर पुरेसे आहेत. त्यांच्या महागड्या भावंडांत ठोकळा जड होतो. आवाज तेवढ्या प्रमाणात वाढत नाही.

आणि आता दीड लाख. त्या पैशांतून तुम्हाला जो फरक हवा आहे, तो खरोखर पडेल असे एकच ठिकाण मला दिसते, आणि त्यासाठी बहुधा एक रुपयाही लागणार नाही : तुमचे स्पीकर शोकेसमधून बाहेर काढा. कप्प्यात कोंडलेला स्पीकर स्वतःबरोबर कप्पाही वाजवतो. तबल्याचा डग्गा घुमतो आणि त्या घुमाऱ्यात तानपुऱ्याचा खर्ज विरघळून जातो. दोन्ही स्पीकर स्टुलांवर, बसल्यावर कान येतात त्या उंचीला ठेवा. एकमेकांपासून जेवढे अंतर, साधारण तेवढेच तुमच्या खुर्चीपासून असू द्या. मागच्या भिंतीपासून हात-दीड हात पुढे आणा. समोर उघडी फरशी असेल तर तिथे जाड सतरंजी अंथरा, आणि खुर्चीमागे काचेची खिडकी असेल तर पडदा ओढा. हे सगळे एका रविवारी सकाळी करून होते, आणि सीडी प्लेअर बदलून जो फरक पडेल त्याच्या कितीतरी पट फरक यानेच पडेल, हे मी पैजेवर सांगते. घरातल्यांना स्टुले मध्ये येतात असे वाटले, तर ऐकून झाल्यावर भिंतीशी सरकवण्याचा तह करावा. आमच्याकडे गेली कित्येक वर्षे तो तह चालू आहे. महिनाभर असे ऐकल्यानंतरही मन भरले नाही, तर त्या पैशांतून स्पीकर बदला, आणि ते आपल्याच खोलीत आठवडाभर वाजवून पाहू देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

कपाटाबद्दल मुलाशी बोलताना एवढे मान्य करायला हरकत नाही की ४०० खोकी हाताशी असण्याची आता गरज नाही. फाइली झाल्या की ज्या सीडी ॲपवर नेमक्या त्याच रूपात सापडल्या, त्या तुम्हाला प्रिय नसतील तर पलंगाच्या पेटीत जाऊ द्या. उरलेल्या उभ्या, एकमेकींना टेकून, भिंतीची ओल आणि खिडकीचे ऊन टाळून ठेवा. पावसाळ्यात आतले कागद चिकटतात, म्हणून त्यांचे मोबाइलने फोटो काढून त्या त्या फाइलीच्या फोल्डरमध्ये टाका. मैफलींच्या बाबतीत तर कागदही नसेल. तेव्हा कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कोणत्या साली, साथीला कोण होते, मध्येच ‘वाहवा’ म्हणणारा तो आवाज कोणाचा, हे मित्रांना फोन करून विचारून घ्या आणि कागदावर लिहून खोक्यात घाला. सीडीवर लिहू नका.